अपालाचियन ट्रेलवर नवरा-बायकोने एक दिवस चालायचे आहे : वेगाचा मेळ कसा घालावा?

गंगापूररोडकर :

नमस्कार मंडळी. ऑक्टोबरच्या मध्यावर आम्ही दोघे अमेरिकेत, व्हर्जिनियात राहणाऱ्या आमच्या लेकीकडे जाणार आहोत. तेथील शेनन्डोआ राष्ट्रीय उद्यानातून अपालाचियन ट्रेल जाते आणि तिच्यावर एक अख्खा दिवस फक्त आम्ही दोघांनीच चालावे, अशी फार दिवसांची इच्छा आहे. जॉर्जियापासून मेनपर्यंत १४ राज्यांतून सुमारे ३,५०० किलोमीटर जाणारी ही वाट पुरी करणे आमच्या आवाक्यातले नाही, परंतु तिचा एक तुकडा तरी पायांखालून जावा, असे मनापासून वाटते. लेक सकाळी नऊला आम्हांला स्कायलँड येथे सोडेल आणि चारच्या सुमारास बिग मेडोज येथे घ्यायला येईल. मधले अंतर साधारण १३ किलोमीटर आहे.

अडचण वेगाची आहे. माझे वय ५६ आणि यजमानांचे ६३. मी रोज पहाटे चालते आणि चढावर थांबले की माझी लय मोडते. यजमान सावकाश चालतात, उतारावर त्यांचा उजवा गुडघा कुरकुरतो, आणि झाडीत पक्षी हलला की दुर्बीण डोळ्यांना लावून ते उभे राहतात. गेल्या हिवाळ्यात अंजनेरीच्या पठारावर मी पुढे पोहोचून वाऱ्यात कुडकुडत बसले होते, आणि मागून आलेल्या यजमानांचा चेहरा, आपल्यामुळे हिला ताटकळावे लागले म्हणून, उतरलेला होता. परक्या मुलुखात तसा दिवस जाऊ नये. दोघांनी बरोबरच चालावे की आपापल्या गतीने चालून ठरलेल्या ठिकाणी भेटावे? सात तास पुरतील का? आणि नाशिकच्या पावसाळ्यात तयारी कशी करावी?

डोंगरवाट_सिडको :

ताई, मुलाकडे गेलो असताना हाच टप्पा मी आणि माझी पत्नी चाललो आहोत, त्यामुळे थोडे सविस्तर लिहितो.

आधी वेळेचे पाहू. सपाटीवर ताशी पाच किलोमीटर आणि दर ६०० मीटर चढाईला एक तास जादा, हा १८९२ सालापासून चालत आलेला नेस्मिथ यांचा हिशेब तरण्या पायांचा आहे. दगडगोट्यांच्या वाटेवर आपल्या वयाच्या माणसांनी ताशी अडीच किलोमीटर धरावेत, म्हणजे चालण्याचे पाच-सव्वापाच तास होतात, आणि जेवण, विसावा व पक्षी यांच्यासाठी पावणेदोन तास हाताशी राहतात. त्या दिवसांत सूर्य साडेसहाच्या सुमारास मावळतो, म्हणून चारची वेळ योग्य आहे. मात्र ती साडेपाचपर्यंत लांबू शकते, हे लेकीला आधीच सांगून ठेवावे, कारण वाटेत मोबाइलची रेंज भरवशाची नसते.

उंचीची धास्ती नको. उद्यानातले सर्वांत उंच शिखर हॉक्सबिल १,२३५ मीटरचे, म्हणजे आपल्या ब्रह्मगिरीपेक्षा थोडे कमीच आहे, आणि ट्रेल त्याच्या माथ्यावर न जाता कुशीतून जाते. त्या कुशीत एके ठिकाणी डोंगरावरून घसरत आलेल्या मोठमोठ्या शिळांचा उतार आडवा ओलांडावा लागतो. वाट नीट बांधलेली आहे, तरी तेथे पानगळीच्या दिवसांत दगडांवर ओली पाने साचतात आणि पाय कोठे टेकतो ते दिसत नाही. माझ्या पत्नीने तेथे प्रत्येक पावलाआधी काठीने पाने बाजूला सारली आणि मग पाय ठेवला. तो तुकडा ओलांडायला आम्हांला बराच वेळ लागला, आणि तो तसा लागू द्यावा.

आता तुमचा मुख्य प्रश्न. सावकाश चालणाऱ्याने पुढे राहावे. वेगवान माणूस पुढे असला की मागचा सतत त्याची पाठ गाठण्याच्या घाईत असतो, आणि पुढचा थांबून विश्रांती घेतो तोवर मागचा पोहोचतो. पोहोचताक्षणी पुढचा उठून चालू लागतो, त्यामुळे ज्याला विश्रांतीची खरी गरज आहे त्यालाच ती मिळत नाही. यजमान पुढे असतील तर पक्ष्यासाठी थांबताना त्यांना संकोच वाटणार नाही आणि तुम्हांला वाट पाहावी लागणार नाही.

इगतपुरीकर :

मला हे पूर्णपणे पटत नाही. दुसऱ्याच्या चालीने दिवसभर चालणे वेगवान माणसालाही थकवते; पावले आखडून पोटऱ्या भरून येतात. या ट्रेलवर झाडांच्या खोडांवर पाच सेंटिमीटर रुंद आणि पंधरा सेंटिमीटर लांब असे पांढरे पट्टे रंगवलेले असतात, एकावर एक दोन पट्टे दिसले की पुढे वळण आहे असे समजायचे, आणि आडवाटांना निळे पट्टे असतात. इतकी स्पष्ट खूण असताना ताईंनी पुढे जाऊन ठरलेल्या जागी थांबायला काय हरकत आहे?

डोंगरवाट_सिडको :

हरकत खुणांची नाही. ज्याचा गुडघा दुखतो तो मागे एकटा असेल आणि पाय मुरगळला, तर पुढच्याला ते तासभर कळणारच नाही, आणि फोन लागेलच असे नाही. शिवाय तेथे काळी अस्वले आहेत. बोलत चालणाऱ्या माणसांची चाहूल लागली की ती बहुधा आपणहून दूर होतात. एकटा, गप्प चालणारा माणूस मात्र त्यांच्या अगदी जवळ जाऊन पोहोचू शकतो. अस्वल दिसलेच तर पळू नये, अंतर राखून हळूहळू मागे सरावे. पाय मोकळे करायचे असतील तर ताईंनी लांब चढावर नजरेच्या टप्प्यापर्यंत पुढे जावे आणि पहिल्या वळणाला थांबावे.

एक फार मोठी सोय आहे, ती सांगायची राहिली. १९३७ साली ही ट्रेल सलग पूर्ण झाली, त्याच काळात या उद्यानात डोंगरधारेवरून स्कायलाइन ड्राइव्ह हा रस्ताही बांधला जात होता, त्यामुळे वाट आणि रस्ता येथे वारंवार जवळ येतात. तुमच्या टप्प्यात आधी हॉक्सबिल गॅप आणि पुढे फिशर्स गॅप (गॅप म्हणजे खिंड) येथे गाडीपर्यंत सहज पोहोचता येते. लेकीने दुपारी ठरलेल्या वेळेला हॉक्सबिल गॅपच्या वाहनतळावर थांबावे. गुडघा तोवर बोलू लागला असेल तर दोघांनी तेथेच गाडीत बसावे, आणि तसा निर्णय घेण्याचा अधिकार यजमानांना घरूनच देऊन ठेवावा, म्हणजे त्या क्षणी कोणाला संकोच वाटणार नाही.

फिजिओ_इंदिरानगर :

मी व्यवसायाने फिजिओथेरपिस्ट आहे. उतारावर शरीराचा भार पेलत लांबणारे मांडीचे पुढचे स्नायू दमले की गुडघ्यावर ताण येतो, म्हणून सराव चढण्यापेक्षा उतरण्याचा अधिक हवा. म्हसरूळजवळच्या चामरलेण्यांच्या किंवा पांडवलेण्यांच्या पायऱ्या आठवड्यातून तीनदा, कठड्याचा आधार घेत, अगदी सावकाश उतराव्यात. दुखणे दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत टिकले तर फेऱ्या कमी कराव्यात. श्रावण-भाद्रपदात अंजनेरीच्या निसरड्या कातळावर जाऊ नये. त्याऐवजी त्र्यंबकेश्वरची सुमारे २० किलोमीटरची लहान ब्रह्मगिरी फेरी दोघांनी करावी. तिसऱ्या श्रावणी सोमवारची गर्दी टाळून एरवीच्या दिवशी गेलात तर पहिने, सापगावच्या बाजूला रस्त्यावरून पावसातही चालता येते, आणि ‘सावकाश चालणारा पुढे’ हा नियम दिवसभर कितपत झेपतो तेही समजते.

यजमान रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी घेत असतील तर त्या दिवशी ती केव्हा घ्यावी, हे डॉक्टरांना जरूर विचारावे. त्या जंगलात गोचिडी असतात आणि त्यांच्यामुळे लाइम नावाचा आजार होतो. पँट मोज्यांत खोचावी, आणि संध्याकाळी दोघांनी एकमेकांची मान, काखा व गुडघ्यांच्या मागची बाजू उजेडात तपासावी. गोचीड चिकटलेली दिसली तर चिमट्याने त्वचेलगत धरून सरळ ओढावी, चिरडू नये.

गंगापूररोडकर :

सर्वांचे मनापासून आभार. यजमानांना हे सगळे वाचून दाखवले. हॉक्सबिल गॅपपाशी थांबण्याचा निर्णय त्यांचा, आणि पुढे चालण्याचा मानही त्यांचाच, असे ठरले आहे. मी मात्र एक अट घातली : पाणी, विजेरी, नकाशा आणि थोडा खाऊ दोघांच्या पाठीवर वेगवेगळा असावा. ब्रह्मगिरीची फेरी आम्ही श्रावण संपल्यावर करू. शेवटची शंका : चालण्याच्या काठ्या येथून न्याव्यात की तेथे घ्याव्यात? आणि वाटेतल्या झऱ्याचे पाणी प्यायले तर चालते का?

डोंगरवाट_सिडको :

काठ्या येथूनच न्या, म्हणजे फेरीत हाताला त्यांची सवय होईल. फक्त त्या चेक-इनच्या बॅगेत ठेवा, परतीच्या वेळी तेथील तपासणीत त्या केबिनमध्ये नेऊ देतीलच असे नाही. वाटेत रॉक स्प्रिंग येथे मुक्कामासाठी बांधलेल्या झोपडीजवळ झरा आहे, परंतु ते पाणी गाळून किंवा शुद्ध करूनच प्यावे. तुम्ही प्रत्येकी दोन लिटर घेऊन निघालात तर त्याची गरज पडणार नाही.