एलायझामागे कुत्री कुणी सोडली?

गुलामगिरीवरच्या कादंबरीचं नाटक-सिनेमातलं रूपांतर मूळ पुस्तकाशी इमान राखणारं हवं, असं काहींचं म्हणणं असतं. मग अमेरिकेतल्या गुलामगिरीवरच्या हॅरिएट बीचर स्टो यांच्या 'अंकल टॉम्स केबिन' या कादंबरीचं काय झालं ते बघा. पुस्तक १८५२ चं, आणि नाटकंही त्याच वर्षी सुरू! तेव्हाच्या अमेरिकी कायद्यात नाट्यरूपांतराचा हक्क लेखिकेकडे नव्हता, त्यामुळे वाटेल त्याने खेळ लावावा. गोरे नट तोंडाला काळं फासून गुलाम व्हायचे. पळून जाणारी गुलाम एलायझा गोठलेली ओहायो नदी ओलांडते तिथे नंतरच्या प्रयोगांत जिवंत शिकारी कुत्री आली. कादंबरीत त्या प्रसंगात ती नाहीतच. कादंबरीत पळालेल्या गुलाम बायकांचा पत्ता न सांगता मार खाऊन मरणारा नायक टॉम रंगमंचावर लाचार म्हातारा झाला. १९०३ च्या मूकपटातही टॉम गोराच.

पण बदल म्हणजे बिघाडच, असंही नाही. टोनी मॉरिसन यांची 'बिलव्हेड' ही कादंबरी मार्गारेट गार्नर या गुलाम बाईवरून सुचलेली. केंटकीतून पळालेल्या या आईने १८५६ मध्ये पकडले जाताना स्वतःच्या मुलीला मारलं. कादंबरीवरचा १९९८ चा चित्रपट मला जड वाटला. पानांवरचं त्या मारलेल्या मुलीचं भूत पडद्यावर फार सदेह होतं. याच घटनेवरच्या, २००५ च्या डेट्रॉइटमधल्या ऑपेराची संहिता मॉरिसन यांनीच लिहिली. त्यात भूत नाही, थेट मार्गारेट आहे. खरी मार्गारेट १८५८ मध्ये आजाराने गेली, ऑपेरात ती फासावर मरते. मला हे पटतं. तिच्यावर खुनाचा खटला चालवायचा की मालमत्ता म्हणून मालकाला परत द्यायचं, हाच तर तेव्हाचा वाद होता, आणि प्रत्यक्षात तिला परतच पाठवलं.