खंजिरी, पेटी आणि गिटार: पॉप गाण्यात जमवायचं कसं?

प्रश्न: तुकडोजी महाराजांच्या खंजिरी भजनाचा ठेका अन् झाडीपट्टीच्या (पूर्व विदर्भातल्या) दंडार या लोकनाट्यातला खेळकरपणा आमच्या बँडच्या पॉप गाण्यांत आणतोय. पण पेटीशी गिटार जुळत नाही, अन् रेकॉर्डिंगमध्ये खंजिरीच्या झांजा कानाला टोचतात.

उत्तर १: भाऊ, काळी एकमध्ये गात असाल तर गिटारच्या पहिल्या फ्रेटवर कॅपो (तारा दाबणारा चिमटा) लावून सी कॉर्ड धरा. तरी बेसूर लागलं, तर पेटी बहुतेक ४४० हर्ट्झवर, म्हणजे ट्यूनरच्या नेहमीच्या मापावर, नाही. ट्यूनर ॲपचा संदर्भ पेटीप्रमाणे बदला, मग तारा लावा. पेटीचे सूर हातासरशी बदलत नाहीत, गिटारचे बदलतात.

उत्तर २: माइक झांजांसमोर नको. वीतभर अंतरावरून चामड्याकडे तिरपा धरा. पावसाळ्यात चामडं ओल धरून सैल पडतं, थाप 'भद्द' वाजते. शेगडीपासून हातभर दूर धरून हळूहळू शेका. घाई केली की फाटतंच! टिनाच्या खोलीत आवाज घुमतो, म्हणून वादकाच्या मागे अन् बाजूला गोधड्या टांगा.

उत्तर ३: ब्लूटूथ हेडफोन लावून वाजवू नका. त्यात आवाज उशिरा पोचतो अन् खंजिरी ठेक्याच्या मागे पडते. वायरवालाच घ्या. रेकॉर्डिंगची लेव्हल जोराच्या थापेला उणे १२ ते उणे ६ डेसिबलमध्ये ठेवा, आवाज फाटलेली थाप नंतर नीट दुरुस्त होत नाही.