'ग्लोबल आउटलुक'ला मराठीत काय म्हणाल? पालकांना कळेल असा शब्द हवाय

फळाखडू
आमच्या हायस्कूलमध्ये यंदा नववीसाठी एक उपक्रम सुरू होतोय. संस्थेकडून आलेल्या कागदावर नाव आहे 'ग्लोबल आउटलुक'. पालकांच्या सूचनेत मी 'जागतिक दृष्टिकोन' लिहिलं. मुख्याध्यापकांनी लाल पेनानं खोडून 'वैश्विक दृष्टी' केलं. त्यांच्या मते 'जागतिक' हा बँकेचा आणि युद्धाचा शब्द, मुलांच्या मनाला लावू नये. सूचना तशीच गेली. मग शिरोलीच्या फौंड्रीत कामाला असलेले एक पालक विचारायला आले, "मॅडम, हे वैश्विक म्हणजे ध्यानाचं शिबिर काय? फी किती?" हसू आलं, पण त्यांचं चुकलं असंही म्हणवेना.
उपक्रम साधा आहे. घरातल्या एखाद्या वस्तूचा माग काढायचा, ती कुठून आली, कुठं जाते. बाहेरच्या देशातल्या शाळेशी बोलायचं. एकाच बातमीवर दोन देशांतली वर्तमानपत्रं काय लिहितात ते ताडून बघायचं. पालकसभेच्या आत शब्द सुचवा.

रंकाळाकाठ
पालकाचं बरोबर आहे. 'वैश्विक' या अर्थानं हिंदीतून शिरलाय. हिंदीवाले 'विश्व बैंक', 'विश्व युद्ध' म्हणतात. आपण जागतिक बँक, जागतिक महायुद्ध, जागतिक आरोग्य संघटना. मराठी कानाला 'वैश्विक' म्हटलं की ग्रहतारे दिसतात. विज्ञानाच्या पुस्तकातला 'वैश्विक गुरुत्व स्थिरांक' आठवा, तो चंद्रावरही तोच. तुमची नववी चंद्रावर निघालीय का? आणि हो, 'दृष्टिकोन'मधली 'ष्टि' ऱ्हस्व. तुम्ही बरोबर लिहिलंय, पण सूचना छापणारा हमखास दीर्घ करतो, लक्ष ठेवा.

निवृत्त मास्तर
हिंदीच्या नावानं बोटं मोडायची सवय जडलीय लोकांना. 'हे विश्वचि माझें घर' हे ज्ञानेश्वरीच्या बाराव्या अध्यायात आहे, दूरदर्शनच्या बातम्यांत नव्हे. पसायदानाचा देव 'विश्वात्मक' आहे. सातशे वर्षांहून जुना आपला शब्द परका कसा? मी तर 'विश्वभान' म्हणेन. आत्मभान, समाजभान, विश्वभान, अशी पायरी लागते.

रंकाळाकाठ
मास्तर, माऊलींनी 'विश्व' म्हटलंय, 'वैश्विक' नाही. शिवाय ते भक्ताचं लक्षण आहे. नववीतल्या पोराला चराचर आपण होऊन दाखव म्हणायचं आणि वर त्याला गुण द्यायचे?

सुगरण
'भान' नको. आमच्या घरात भान फक्त रागवायला वापरतात. "भान ठेवून बोल", "भान आहे का तुला". मुलांना वाटेल नवीन शिस्त आली.

नादखुळा
ओ मॅडम, कशाला एवढं ताणताय. 'जगाची खबर' म्हणा, संपला विषय. माझ्या मामाचं चपलांचं काम हाय. 2025 च्या जूनमध्ये मिलानच्या फॅशन शोमध्ये प्राडा कंपनीनं आपल्या कोल्हापुरीसारखी चप्पल दाखवली, तवा गल्लीत नुसता दंगा. पोरं मोबाइलवर जीआय, म्हंजे भौगोलिक मानांकन, काय असतंय ते शोधाय लागली. आणि मग कळलं, 2019 चा जीआय एकट्या कोल्हापूरचा न्हाईच! महाराष्ट्रातले चार जिल्हे आणि कर्नाटकातले चार. "आमची चप्पल चोरली" म्हणून वरडणारी पोरं बेळगाव, बागलकोटचं नाव वाचून गप झाली. मामा म्हणाला, तिकडचे कारागीर आमचे पावणेच की, तुमास्नी आत्ता कळालं व्हय? माझ्या मते तुमचा उपक्रम हाच. मिलान लांबचं हो, आधी निपाणीच्या पलीकडं बघाय शिकवा.

फळाखडू
नादखुळा, चपलेचा माग आमच्या यादीत पहिलाच घेते. मामा वर्गात येऊन बोलतील का?

शुद्धमती
उदाहरण उत्तम, शब्द मात्र चालणार नाही. 'खबर' अरबी, फारसीतून आलेला. शाळेच्या कागदावर तरी मराठी असावी.

रंकाळाकाठ
'कागद'सुद्धा फारसीतूनच आलाय ताई.
आणि कोल्हापुरात हा वाद घालताना कवी माधव जूलियन यांना विसरून कसं चालेल? राजाराम कॉलेजात शिकवत होते. 1925 ला फारसी-मराठी कोश त्यांनीच केला आणि 1938 ला 'भाषाशुद्धि-विवेक'ही त्यांनीच लिहिला. फारसी पचवलेल्या माणसानं शुद्धीचा आग्रह धरला तर ऐकून घेऊ. आपण कोश न उघडताच सोवळं नेसतो. मला विचाराल तर 'नजर' झकास आहे. दृष्टी डॉक्टर तपासतो, नजर घडवावी लागते. पारखी नजर म्हणतो आपण, पारखी दृष्टिकोन म्हणत नाही.

शुद्धमती
नजर लागतेही.

गोलमटोल
'ग्लोब' हा मूळ 'गोल'च ना? ग-ल-ब. इंग्रजांनी आपल्याकडून नेला असणार.

निवृत्त मास्तर
लॅटिन 'ग्लोबस'पासून. भेटेल त्या शब्दाला संस्कृतचं गोत्र चिकटवू नका. आपल्या भूगोलाच्या तासाला 'पृथ्वीगोल' हा चांगला शब्द आहेच. आमच्या शाळेतला पृथ्वीगोल कपाटावर धूळ खात असे. 1991 नंतरही त्यावर सोव्हिएत संघ तसाच होता आणि आम्ही त्यावरूनच परीक्षा घेत होतो. शब्द कुठलाही घ्या, आधी तो गोल बदला.

देशांतरी
मी इथूनच शिकून बाहेर गेले, म्हणून बोलते. इथले पालक 'जागतिक' हा शब्द ऐकतात आणि मनात 'परदेशात नोकरी' असा अर्थ लावतात. वैश्विक, जागतिक, विश्वभान, काहीही लिहा, सभेत पहिला प्रश्न व्हिसाचाच येणार. बाहेर जाऊन पंधरा पंधरा वर्षं आपल्याच लोकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपात राहणारे मी रोज बघते. देशाटनानं चातुर्य येतं हे खरं, कर कसा वाचवायचा ते सगळ्यांना येतं.

नादखुळा
हेच हेच. आमच्याकडं 'बारा गावचं पाणी प्यालेला' म्हंजे शहाणा न्हवं, बेरकी.

वळिवडेकर
उशिरा लिहितेय. माझी आजी शाळेत कधी गेली नाही. दुसऱ्या महायुद्धात आमच्या वळिवड्याला पोलंडच्या लोकांची छावणी होती, 1943 ते 1948. पाच हजारांच्या आसपास माणसं, बहुतेक बायका आणि मुलं. रशियानं त्यांना आधी सैबेरियाकडं हाकललं होतं, तिथून इराणमार्गे ती इथवर आली. महावीर उद्यानात त्यांचं स्मारक आहे, सकाळी फिरायला जाणाऱ्यांनी कधी थांबून वाचलंय का?
आजी आईबरोबर छावणीत भाजी द्यायला जायची. युद्ध संपल्यावरही ही माणसं घरी का जात नाहीत, असं तिनं विचारलं होतं म्हणे. त्यावर तिला मिळालेलं उत्तर ती आम्हाला सांगायची: "त्यांचं गाव दुसऱ्याच्या नकाशात गेलं." पोलंडचा पूर्वभाग युद्धानंतर रशियाकडं गेला, हे मी पुढं नववीत वाचलं. आजीला ते भाजीच्या पाटीबरोबर कळलं होतं. तिच्या त्या समजेला काय म्हणायचं, ते सांगा.

फळाखडू
वळिवडेकर ताई, मग पोलंडातलीच शाळा शोधते. वेळेचं बघावं लागेल. ते हिवाळ्यात आपल्या साडेचार तास मागे, उन्हाळ्यात साडेतीन. वर्षातून दोनदा आख्खा देश घड्याळ सरकवतो, यावरच मुलांचा एक तास जाईल! पण शब्द अजून मिळाला नाही हो. 'जगाकडे बघताना' असं नुसतं लिहिलं तर?

निवृत्त मास्तर
वळिवड्याच्या त्या शरणार्थींविषयी शाळेत शिकवायलाच हवं.

रंकाळाकाठ
'शरणार्थी' पुन्हा हिंदी, मास्तर. मराठीत 'निर्वासित'.

गांधीनगरकर
त्या छावणीच्या जागेवरच आमचं गांधीनगर वसलं, फाळणीनंतर सिंधी लोक आले तेव्हा. माझ्या आजोबांना 'निर्वासित' अजिबात खपायचं नाही. म्हणायचे, वास गेला असेल, धंदा कुठं गेलाय? उत्तरेत तर बरेच जण 'शरणार्थी'च्या जागी 'पुरुषार्थी' म्हणवून घ्यायचे.

शुद्धमती
मग 'विस्थापित' म्हणा. कुणाला लागत नाही.

नादखुळा
लागतंय की. काळम्मावाडीच्या माणसाला विस्थापित म्हणून बघा. त्यो म्हणंल, आमी धरणग्रस्त, आन् जमिनीचं काय झालं ते आधी सांगा.