मदत हवी आहे: सलामीला बेब रूथसमोर गिब्सन की कार्लटन?

मंडळी, इथे कोणी ‘आउट ऑफ द पार्क बेसबॉल’ हा कॉम्प्युटर गेम खेळतं का? आमच्या ऑनलाइन लीगमध्ये जुन्या मोसमांचे संघ एकमेकांशी भिडतात. माझ्याकडे १९६८चा सेंट लुईस कार्डिनल्स आहे आणि सलामीलाच समोर १९२७चे यांकीज. म्हणजे ६० होमरनवाला बेब रूथ आणि ४७वाला लू गेहरिग, दोघेही डावखुरे.

माझा पिचर (चेंडू टाकणारा) बॉब गिब्सनचा १९६८चा ईआरए (नऊ डावांमागे त्याच्या खात्यावर लागलेल्या सरासरी धावा) १.१२, शटआउट (एकही धाव न देता एकट्याने पूर्ण टाकलेले सामने) १३. एरवी विचारायचीही गरज नव्हती, पण तो उजव्या हाताचा, आणि डावखुऱ्या बॅटरना उजवा पिचर सहसा सोपा जातो. डावखुरा पिचर स्टीव्ह कार्लटन आहे, मात्र तेव्हा तो अजून कोवळाच होता. शिवाय गिब्सनचे आकडे १५ इंची माउंडवरचे (पिचर ज्यावरून चेंडू टाकतो तो उंचवटा; उंच असला की पिचरचा फायदा). पुढच्याच वर्षी उंची १० इंचांवर आणली. हा काळाचा फरक गेम आपोआप धरतो, की सेटिंग बदलावी लागते? आमच्या लीगचा कमिशनर (चालक) १९२७ची सेटिंग ठेवू म्हणतोय, आणि यांकीज त्याचेच आहेत. आता बोला!

राइट फील्डला रॉजर मॅरिस ठेवलाय. रूथचा ६० होमरनचा विक्रम १९६१मध्ये मोडणारा तोच. बॅट आता थंडावलीय, पण मोह आवरत नाही.

लाइनअप शनिवारी रात्रीपर्यंत द्यायचीय. तुम्ही पिचर म्हणून कोणाला उतरवाल?