मॉडेल रेल्वेचा छंद ऑफिसात न्यावा का? माझं मत : न्यावाच

घाटातला_बँकर
गेली अकरा वर्षं मी मॉडेल रेल्वे करतो. एन स्केल, म्हणजे खऱ्या गाडीच्या १६० पट लहान, रुळांमधलं अंतर ९ मिलिमीटर. घर दोन खोल्यांचं आहे त्यामुळे सगळं पलंगाखाली असतं, आणि ऑफिसात सात वर्षं कोणालाच याचा पत्ता नव्हता. मागच्या दिवाळीत मजल्यावर सजावट करायची होती तेव्हा पहिल्यांदा धीर करून टी-ट्रॅकचे आठ मोड्यूल नेले. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, टी-ट्रॅक म्हणजे ३०८ मिलिमीटर लांबीची लाकडी खोकी, वर रूळ बसवलेला, टेबलावर शेजारी शेजारी ठेवायची आणि रूळ एकमेकांत अडकवायचे, झाली लाईन तयार. चार खोक्यांवर मी भोर घाट केलाय, बोगदा, दरी, पावसाळ्यातला हिरवा रंग, आणि गाडीच्या मागे दोन इंजिनं लावलेली.

लोक यायला लागले आणि सगळ्यांचा एकच प्रश्न, इंजिन मागे का? पुण्याहून मुंबईला शेकडो वेळा गेलेली माणसं ही, पण कर्जतला मागून बँकर, म्हणजे गाडी ढकलणारी जादा इंजिनं, लागतात, ३७ फूट पुढे गेलं की १ फूट चढ असा तो घाट आहे आणि १८६३ पासून गाड्या तो चढतायत, हे कोणी कधी सांगितलंच नव्हतं त्यांना. माझ्या मागच्या खुर्चीवरचा टेस्टर, चार वर्षांत आमचं बोलणं म्हणजे फक्त बगचे नंबर, तो दुसऱ्या दिवशी घरून व्हर्नियर घेऊन आला. रूळ मोजला आणि म्हणाला, तुझा गेज चुकलाय. आपला ब्रॉडगेज १६७६ मिलिमीटर, भागिले १६० म्हणजे साडेदहाच्या आसपास यायला पाहिजे, तुझा ९ आहे. बरोबर बोलला तो! ९ मिलिमीटर हा युरोप-अमेरिकेच्या १४३५ च्या गेजचा हिशोब आहे आणि भारतीय गाड्या करणारे आम्ही बहुतेक जण त्याच रुळांवर चालवतो कारण रूळ तेच मिळतात. यावर आम्ही दीड तास बोललो.

आणि गेटवरचे सिक्युरिटीचे काका. नेरळकडचे. त्यांचे वडील माथेरानच्या गाडीवर ब्रेकवाले होते, डब्यावर बसून इंजिनाच्या शिट्टीवर हातानं ब्रेक आवळायचे. काकांनी उभ्या उभ्या सांगितलं, शिट्टी कशी ओळखायची, उतारावर हात कसे भरून यायचे. सात वर्षं मी त्यांना रोज कार्ड दाखवून आत जातोय.

आता दर बुधवारी लंच टाइमला चार-पाच जणांनी जमायचं ठरतंय, ॲडमिन एक कपाट द्यायला तयार आहे. पण एक जुना मित्र म्हणतो अजिबात नको, ऑफिसात नेलास की छंद तुझा राहणार नाही. मला हे पटत नाही, दिवसाचे दहा तास ज्यांच्यासोबत काढतो त्यांच्यापासून आपल्याला सगळ्यात जास्त आवडणारी गोष्ट लपवून ठेवायची हे मला चुकीचं वाटतं. तुमचं मत मोकळेपणानं सांगा.

हिंजवडी_फेज_तीन
तुमच्या मित्राचं ऐका. मी पण मॉडेलवाला आहे, एचओ (एनपेक्षा मोठं स्केल) करतो, आणि हे भोगलंय. आधीच्या कंपनीत मॅनेजरला सहज एक फोटो दाखवला. महिन्याभरात त्याचं नाव झालं टीम एंगेजमेंट. मग स्लाइड बनव, मग न्यूजलेटरला लिही, मग परदेशी क्लायंट येणार आहेत तर रिसेप्शनला गाडी फिरत ठेव. त्यासाठी मी रविवारी जाऊन सेटअप लावला, आणि सोमवारी क्लायंटसमोर गाडी पॉइंटवर, म्हणजे रूळ दुसऱ्या लाईनला वळतो तिथे, घसरली तेव्हा मॅनेजरने सगळ्यांसमोर विचारलं, टेस्ट केलं नव्हतंस का? माझ्या स्वतःच्या गाडीबद्दल! त्यानंतर सहा महिने मी खोकं उघडलं नाही. रात्री दहा ते साडेअकरा ही एवढीच वेळ अशी आहे की मला कोणी स्टेटस विचारत नाही, ती मी परत ऑफिसला देणार नाही.

सोल्डरिंगवाली
फेज तीन, तुमच्या बाबतीत जे झालं ते वाईटच झालं, पण तो दोष त्या मॅनेजरचा. चार डोकी एका लेआउटभोवती, म्हणजे मांडलेल्या मॉडेल रेल्वेभोवती, जमली की काय होतं याचं सगळ्यात मोठं उदाहरण अमेरिकेतल्या एमआयटीचा टेक मॉडेल रेलरोड क्लब. १९४६ ला सुरू झाला, त्यातली एक टोळी डोंगर-झाडं करायची आणि दुसरी टेबलाखालच्या वायरिंग आणि रिलेमध्ये (विजेवर चालणारे स्विच) बुडालेली असायची. 'हॅक' हा शब्द आज ज्या अर्थाने आपण वापरतो तो त्यांच्यातून पसरला आणि त्यातलीच मुलं पुढे कॉलेजातल्या सुरुवातीच्या कॉम्प्युटरांवर जाऊन बसली.

माझा स्वतःचा अनुभव सांगते. छंदवाल्यांच्या गटात गेलं की मला चहा विचारतात, कंट्रोलर हातात देत नाहीत. ऑफिसात माझं सोल्डरिंग सगळ्यांनी पाहिलंय त्यामुळे तिथे तो प्रश्नच येत नाही. आम्ही तिघांनी मिळून चार रंगांचा ऑटोमॅटिक सिग्नल केला, लाल, पिवळा, दोन पिवळे, हिरवा, रुळाखाली सेन्सर लावून, गाडी ज्या ब्लॉकमध्ये, म्हणजे दोन सिग्नलांमधल्या तुकड्यात, आहे त्याच्या मागचा सिग्नल लाल, त्याच्या मागचा पिवळा, त्याच्या मागचा दोन पिवळे असं आपोआप होतं. लोकलने रोज जाणाऱ्या सहकाऱ्याला दोन पिवळ्यांचा अर्थ त्या दिवशी कळला. एकटीने घरी बसून मला हे दोन वर्षांत जमलं नसतं.

हिंजवडी_फेज_तीन
ताई, एमआयटीचं उदाहरण इथे लागू होत नाही. ती विद्यार्थी मुलं होती. त्यांचं वर्षाचं अप्रेजल त्या टेबलाभोवतीच्या कोणाच्या हातात नव्हतं.

दुपारचा_डबा
हाच मुद्दा मला लिहायचा होता. मी मॉडेलवाली नाही, पण आमच्या साहेबांना सायकलिंगचा नाद आहे. रविवारी पहाटे साडेपाचला जमायचं. कोणी सक्ती करत नाही, साहेब खरंच मनाने चांगले आहेत, पण जे सायकलवर जातात त्यांचं साहेबांशी बोलणं होतं आणि माझं होत नाही, मला लहान मूल आहे मी जाऊ शकत नाही. बँकरदादा, राग मानू नका, पण विचारते, तुम्ही टीम लीड आहात का?

घाटातला_बँकर
हो. नऊ जण आहेत माझ्याकडे. आणि बुधवारच्या पाचांपैकी दोघं माझ्याच टीमचे. तो टेस्टर त्यातलाच एक.

खरं सांगतो, ताई, हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं. तो व्हर्नियर घेऊन आला ते आवडीनेच, त्याबद्दल मला शंका नाही, पण दुसरा मुलगा का येतो हे मी त्याला कधी विचारलं नाही, आणि विचारलं तरी तो मला खरं सांगेल का.

मिरजकर_काका
मी पिंपरीच्या एका कारखान्यातून रिटायर होऊन नऊ वर्षं झाली. मूळचा मिरजेचा, लहानपणी एकाच स्टेशनात ब्रॉडगेज, मीटरगेज आणि बार्शी लाइटची छोटी गाडी असे तिन्ही गेज पाहिलेत, त्यामुळे तुमचं ते साडेदहा मिलिमीटरचं वाचून फार आनंद झाला.

कामाच्या ठिकाणी छंद नको हे मला कधीच पटणार नाही. आमच्याकडे नाटक होतं. कामगार कल्याणच्या स्पर्धेत आम्ही सलग बारा वर्षं उतरलो, फिटर, कॅन्टीनवाला, टाइमकीपर सगळे एका स्टेजवर. सेकंड शिफ्ट सुटली की रात्री बारापासून तालीम. आमचा फोरमन नाटकात नोकराचं काम करायचा आणि दिग्दर्शक होता एक हेल्पर, तो फोरमनला सरळ म्हणायचा, पाठांतर नाही झालं, बाहेर बसा. कारण हार्मोनियम, पडदे, पेटारा सगळं आमच्या वर्गणीचं होतं. तेव्हा बँकर, ॲडमिनचं कपाट घेऊ नका. कपाट त्यांचं झालं की उद्या ते कधी उघडायचं तेही तेच सांगतील. आणि तुम्ही लीड असाल तर गाडी तुमची असली तरी बुधवार तुमचा नको, दुसऱ्या कोणाच्या हाती द्या.

नवीन_रूळ
इथे सगळे 'छंद घरी ठेवा' म्हणतायत त्यांना एक विचारायचंय, घर कुठलं? मी चोवीस वर्षांचा, कॉन्ट्रॅक्टवर आहे, वाकडला एका खोलीत तिघं राहतो, माझ्या वाट्याला एक गादी आणि अर्धं कपाट. शाळेत असताना सहलीला कोथरूडच्या जोशींच्या मिनिएचर रेल्वे म्युझियममध्ये नेलं होतं, भाऊ जोशींनी उभं केलेलं, १९९८ पासून आहे ते, दिवे घालवून रात्र करतात आणि सगळ्या गाड्यांचे दिवे लागतात, तेव्हापासून डोक्यात बसलंय ते. पण एक साधा परदेशी स्टार्टर सेट इथे येईपर्यंत माझ्या पगारातला मोठा लचका तोडतो आणि आणला तरी पसरणार कुठे? माझ्या ऑफिसात असा एखादा बँकर असता तर मी रोज जेवण दहा मिनिटांत उरकून तिथे उभा राहिलो असतो. फेज तीनसरांना त्रास झाला हे कळतं मला, पण त्यांच्याकडे रात्री दहाला दार लावून बसायला खोली आहे.

हिंजवडी_फेज_तीन
हे वाचून दोन दिवस उत्तर सुचलं नाही. तुझं म्हणणं खरं आहे, मला जागा आहे आणि मी ती गृहीत धरली. पण तरी यावर उपाय ऑफिस नाही. उपाय ऑफिसाबाहेरचा एखादा हॉल, वर्गणीचा, काका म्हणतात तसा.

सोल्डरिंगवाली
आणि त्या हॉलला सिंहगड रोडहून, भोसरीहून, हिंजवडीहून रविवारी कोण येणार? बसने दीड तास जाऊन दीड तास परत? दुपारचा_डबा ताईंना जी अडचण सायकलिंगची तीच या हॉलची होणार. लंच टाइमला निदान सगळे एकाच इमारतीत असतात.

दुपारचा_डबा
हे बरोबर आहे, लंच टाइमला असतं तर मी पण बघायला गेले असते.

घाटातला_बँकर
गेले चार दिवस सगळं परत परत वाचलं. न्यावं हे मत माझं बदललेलं नाही, उलट नवीन_रूळचं वाचून पक्कं झालं. पण कसं न्यायचं ते बदललं. कपाट नको म्हणून कळवलंय, मोड्यूल माझ्या दोन पिशव्यांत येतात, मी ने-आण करीन. बुधवार दुसऱ्या टीममधल्या फर्मवेअरवाल्या मुलीने घेतलाय, कोण येणार, काय करायचं ते ती ठरवणार, आणि तिने पहिल्याच दिवशी माझ्या बोगद्याचं तोंड खोट्या दगडांचं दिसतंय म्हणून नव्याने करायला दिलंय. माझ्या टीमच्या दुसऱ्या मुलाला मी काही विचारलं नाही. एक महिना मी स्वतःच बुधवारी जाणार नाही, तो तरीही येतो का ते आपोआप कळेल. सिक्युरिटीच्या काकांची ड्यूटी लंचला असते म्हणून गुरुवारी सकाळी शिफ्ट बदलताना पंधरा मिनिटं त्यांच्यासाठी वेगळी लाईन लावतो, गेटजवळच्या बाकावर.

क्लायंटसमोर गाडी लावा असं कोणी म्हणालं तर नाही म्हणणार. हे इथे सगळ्यांसमोर लिहून ठेवतो.

हिंजवडी_फेज_तीन
ते 'नाही' अजून म्हणावं लागलेलं नाही तुम्हाला, म्हणून माझं मत आहे तिथेच आहे. बाकी एक कामाचं सांगतो. ऑफिसच्या एसीत कार्पेटची धूळ खूप असते, बारीक तंतू इंजिनाच्या गिअरमध्ये गुंडाळले जातात आणि एन स्केलमध्ये तर एक केस पण पुरतो. जमिनीवर कधी ठेवू नका. रूळ दर वेळी आयसोप्रोपिल अल्कोहोलने सुती फडक्याने पुसा, सँडपेपर अजिबात मारू नका, ओरखड्यात काळं साचतं. आणि नवीन_रूळ, माझ्याकडे जुने एचओचे चार डबे आणि एक चालू इंजिन पडून आहे. ते अर्ध्या कपाटात मावतं. मेसेज कर.