विषय: मुंबई–लंडन, जाताना दहा तास आणि येताना नऊच?

नमस्कार मंडळी,
डिसेंबरात आम्ही दोघं लेकीकडे लंडनला येतोय. थेट विमान आहे. तिकिटावर निघायची वेळ रात्री २.३०, पोचायची सकाळी ७. मला दिसतात साडेचार तास, लेक म्हणते दहा. परतीला मात्र नऊच. अंतर तेच, मग मधला तास जातो कुठे? सोसायटीतले एक जण म्हणाले, पृथ्वी फिरते म्हणून. पण मग लंडनच आपल्या दिशेने येत असणार, उलट लवकर पोचायला हवं!
– सुधाकर, गोरेगाव

---

सुधाकरकाका, नमस्कार.
मी सध्या पार्ल्याला आईकडेच आहे, म्हणून लगेच लिहितो. तिकिटावरच्या वेळा त्या त्या गावच्या घड्याळाच्या असतात. हिवाळ्यात लंडन आपल्यामागे साडेपाच तास. साडेचार अधिक साडेपाच, झाले दहा. (मार्चच्या शेवटच्या रविवारी तिथली घड्याळं तासभर पुढे जातात, मग फरक साडेचारचा.)

पृथ्वीचं सोडून द्या. हवाही तिच्यासोबतच फिरते, नाहीतर गच्चीवर उभं राहणं मुश्कील झालं असतं. खरा खेळ वाऱ्याचा. दहा-बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जेट स्ट्रीम वाहतो, हिवाळ्यात त्याचा जोर जास्त. सरळ अंतर साधारण ७,२०० किमी, विमानाचा वेग ताशी ९०० धरू. वाटभर सरासरी ५० चा वारा समोरून आला तर साडेआठ तास लागतात, पाठीवर घेतला तर साडेसात. तुमचा तास तो हा. वरचा वेळ चढण्या-उतरण्यात, धावपट्टीपाशी रांगेत आणि वळशात जातो.

वळशाचं सांगायलाच हवं. पृथ्वीगोलावर दोरा ताणला तर तो बलुचिस्तान, इराण, जॉर्जिया, मग युक्रेनवरून जातो. युक्रेनचं आकाश फेब्रुवारी २०२२ पासून नागरी विमानांना बंद. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्ताननेही भारतीय कंपन्यांना मनाई केली. दिल्लीकरांना त्याचा फटका मोठा. आपलं विमान अरबी समुद्रावरून काढता येतं, म्हणून आपण थोडक्यात सुटतो. म्हणूनच एकाच मार्गावर दोन कंपन्यांच्या वेळा वेगळ्या दिसतात. तिकीट काढताना फक्त भाडं बघू नका, एकूण तास बघा.

तरी आपण सुखी. ८ जून १९४८ ला एअर इंडियाचं ‘मलबार प्रिन्सेस’ मुंबईहून लंडनला निघालं, ते कैरो आणि जिनिव्हाला थांबत!
– अमोल

---

अमोल, आभार. हिचं इन्सुलिन घड्याळाप्रमाणे असतं, तेव्हा कुठलं घड्याळ धरायचं? आणि नकाशा ताडून बघायला खिडकी कुठल्या बाजूची घेऊ?
– सुधाकर

---

भाऊ, इन्सुलिनच्या वेळा डॉक्टरांकडून आधीच लिहून घ्या, लंडनला पोचल्यावरच्या पहिल्या दिवसाच्याही. इन्सुलिन हातातल्या पिशवीतच ठेवा, चिठ्ठीसकट. खाली सामानात ते गोठू शकतं. हातावरचं घड्याळ विमानात बदलू नका, गोंधळ होतो.

खिडकीचे जादा पैसे मुळीच देऊ नका. डिसेंबरात लंडनला सूर्य आठच्या सुमारास उगवतो, तुम्ही उतरणार सातला. म्हणजे जवळजवळ सगळा प्रवास काळोखातच. दोघांनाही रस्त्याकडेच्या सीटा घ्या, समोरासमोरच्या. उठून दोन फेऱ्या मारता येतील, पाय सुजणार नाहीत. नकाशा काय, समोरच्या पडद्यावर दिसतोच.
– शुभदा, मुलुंड