आई-बाबांना ब्रॉडवे दाखवायचंय, कुठला शो घेऊ?

एडिसनकर:
आई-बाबा पहिल्यांदाच अमेरिकेत आलेत, अजून तीन आठवडे आहेत. ब्रॉडवेवरचं, म्हणजे न्यूयॉर्कच्या मोठ्या थिएटरांमधलं, एक म्युझिकल (गाण्यांचं नाटक) दाखवायचंय, एकच, कारण चार तिकिटांचा खर्च बघता दुसरं काही जमणार नाही. बाबा ७१ वर्षांचे, आयुष्यभर नाट्यसंगीत ऐकत आलेत, पुण्यात असताना बालगंधर्वला संगीत नाटक लागलं की पहिल्या रांगेत. इंग्रजी पेपर रोज वाचतात पण इथल्या लोकांचं बोलणं त्यांना पटकन कळत नाही. आईचे गुडघे दुखतात. हॅमिल्टन, विकेड की लायन किंग? ऑफिसात सगळे हॅमिल्टनच म्हणतायत. फॅन्टम ऑफ द ऑपेरा दाखवायची फार इच्छा होती पण ते ३५ वर्षं चालून २०२३ मध्ये बंद झालं.

सोनचाफा:
हॅमिल्टन नको, मनापासून सांगते. मला स्वतःला ते प्रचंड आवडतं, तीनदा बघितलंय, पण सासू-सासऱ्यांना घेऊन गेले ती माझी चूक झाली. जवळजवळ सगळं नाटक गाण्यात आणि त्यातलं बरंचसं रॅपमध्ये, शब्द इतके भराभर येतात आणि वर अमेरिकेचा इतिहास, पहिला अर्थमंत्री हॅमिल्टन कोण, त्याचं कोणाशी वैर, हे माहीत नसेल तर काही हाताला लागत नाही. मध्यंतरात सासूबाई हळूच म्हणाल्या, हे सगळे चिडलेत कशावर गं? पावणेतीन तास बिचारे गप्प बसून होते, मला फार वाईट वाटलं.
लायन किंग घ्या. पडदा उघडतो तेव्हाचे पहिले बोल झुलू भाषेतले आहेत, म्हणजे शेजारी बसलेल्या अमेरिकन माणसालाही ते कळत नसतात, सगळे सारखेच. आणि मग प्रेक्षकांमधून, अगदी आपल्या खुर्चीला घासून प्राणी स्टेजकडे जायला लागतात, हत्ती तर चार माणसं मिळून चालवतात. जिराफ म्हणजे हातापायांना उंच काठ्या बांधलेला माणूस, त्याचा चेहरा आपल्याला स्पष्ट दिसतो, काही लपवलेलं नाही, तरी दोन मिनिटांत आपण माणूस विसरतो आणि जिराफच बघतो. माझ्या आईने माझा हात घट्ट धरला होता. ऑर्केस्ट्रामधली (खालच्या मजल्यावरच्या खुर्च्यांना तिथे तसं म्हणतात) पॅसेजलगतची सीट मिळाली तर सोडू नका.

रात्रपाळी:
मी विकेडच्या बाजूने. सिनेमा आलाय ना २०२४ मध्ये, तो आधी घरी सबटायटल्स लावून दाखवा, मग गोष्ट माहीत असली की शब्द सुटले तरी बिघडत नाही. आपण संगीत नाटकाला जायचो तेव्हा कथा कुठे नवीन असायची, सुभद्रेचं काय होणार हे सगळ्यांना पाठ, तरी पदासाठी जायचोच ना. बाबांना आवाज ऐकायचे असतील तर विकेडमध्ये पहिला अंक संपताना जे गाणं आहे तसा तयारीचा गळा समोर बसून ऐकणं ही वेगळीच गोष्ट आहे. फक्त वन्समोअर नसतो हे आधीच सांगून ठेवा.

दादरची_मावशी:
गुडघ्यांचं आधी बघा. तिथली बरीच थिएटरं शंभर वर्षं जुनी, मेझनिनला, म्हणजे वरच्या बाल्कनीला, जायला नुसते जिने, लिफ्ट नाही. मिनस्कॉफ, जिथे लायन किंग आहे, ते त्या मानाने नवीन, एस्कलेटर आहे. तिकीट शक्यतो थिएटरच्या खिडकीवर जाऊन काढा, ऑनलाइनची जादा फी वाचते. टाइम्स स्क्वेअरला लाल पायऱ्यांखाली त्याच दिवशीची स्वस्त तिकिटं मिळतात पण तुम्हाला हवा तोच शो हमखास मिळेल असं धरून जाऊ नका, आणि आईंना तिथे रांगेत उभं करू नका. बुधवारची दुपारची मॅटिनी बरी, अंधार पडायच्या आत घरी. शाल घ्या, एसी फार असतो. आणि गालाप्रो नावाचं ॲप फोनवर घ्या, शो चालू असताना इंग्रजी संवाद लिहून येतात. बाबा पेपर वाचतात ना, मग त्यांना वाचून नक्की कळेल.

एडिसनकर:
मावशी, हे ॲपचं माहीतच नव्हतं, खूप मोठं काम झालं. लायन किंग, पुढच्या बुधवारची मॅटिनी, पॅसेजलगत दोन आणि त्यांच्या मागे दोन मिळाल्या, आजच जाऊन काढली. बाबा विचारतायत वाजवणारे खरे असतात की टेप लावतात?

सोनचाफा:
खरे असतात! आणि स्टेजच्या दोन्ही बाजूंना वर बघायला सांगा त्यांना, तालवाद्यं वाजवणारे तिथे बसतात, हात चालताना दिसतात.